मोतीबिंदू, मशीन आणि मुदतीचं कर्ज

सरावलेल्या हाताला मोतीबिंदूचं एक ऑपरेशन करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. भूल थेंबांची किंवा डोळ्यालगतच्या इंजेक्शनची. पेशंट त्याच दिवशी घरी. रात्रपाळीची नर्स नाही, आयसीयू नाही, नातेवाइकांची व्हरांड्यातली मुक्कामी वस्ती नाही. म्हातारपण आलं की बहुतेकांना ते कधी ना कधी करावंच लागतं, आणि एक डोळा झाला की दुसरा असतोच. डॉक्टरांना यात समाधान मिळतं ते पट्टी सुटल्यानंतरच्या चेहऱ्याचं. पैसे गुंतवणाऱ्याला मिळतं ते निराळं, पण समाधानच. एकाच विषयाच्या रुग्णालयांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत जो बाहेरचा पैसा आला, त्यात डोळ्यांची रुग्णालयं इतकी पुढे का, याचं उत्तर या दहा-पंधरा मिनिटांत आहे.

हिशेबाच्या वहीत पाहिलं तर अशी बहुतेक रुग्णालयं एखाद्या यंत्राभोवती उभी असतात. कर्करोगात ते यंत्र म्हणजे किरणोपचार देणारा लिनियर अ‍ॅक्सिलरेटर. त्याची किंमत कोटींत, आणि ते ठेवायला दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या भिंतींचा बंकर. त्या बंकरच्या नकाशाला अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते आणि ती येईपर्यंत व्याज चालूच राहतं. डायलिसिसमध्ये एक पेशंट मशीनवर चार तास असतो. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तरच खर्च निघतो, आणि एका पेशंटला एका वेळी साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. आरओ प्लांट सकाळी बंद पडला की तिन्ही पाळ्या कोलमडतात. हृदयरोगात कॅथ लॅब, म्हणजे नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायची आणि स्टेंट बसवायची खोली. तिथे २०१७च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला, औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांच्या आसपास आली, आणि ज्यांचा हप्ता स्टेंटवरच्या फायद्यातून जात होता त्यांचं गणित एका अधिसूचनेत बदललं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची पाळी आली. पुढे काय झालं ते बिलं वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. स्टेंटची ओळ खाली आली आणि ‘प्रोसिजर चार्जेस’ची वर गेली.

डोळ्यांच्या बाबतीत यंत्र लहान आहे, बंकर नाही, आणि लेन्सच्या किमतीला तसा सरकारी लगामही नाही.

तरीही जिल्ह्याच्या गावी स्वतःचं नेत्र रुग्णालय काढणाऱ्या डॉक्टर जोडप्याला दोन कोटी कुठे जातात ते कळत नाही. मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेणारं फेको मशीन, ऑपरेशनचा मायक्रोस्कोप, लेन्सचा नंबर काढणारं बायोमीटर, पडद्याच्या तपासणीचं ओसीटी, ऑपरेशननंतर लेन्समागे धरलेली साय काढणारं याग लेझर. यातलं एकेक यंत्र काही लाखांचं, आणि बऱ्या प्रतीचं म्हटलं की आकडा पंधरा-वीस लाखांच्या खाली क्वचितच राहतो. त्यावर मॉड्युलर ओटी (ऑपरेशन थिएटर), हेपा फिल्टरची हवा, जनरेटर, लिफ्ट, फर्निचर. आरोग्यसेवा जीएसटीतून मुक्त आहे, हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की यंत्रावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो किमतीतच जिरतो. २०२५च्या सप्टेंबरपासून बहुतेक वैद्यकीय उपकरणं ५ टक्क्यांवर आली, तेवढाच दिलासा. ज्यांनी त्याआधी १२ टक्के भरून खरेदी केली त्यांचे पैसे गेले ते गेलेच.

बँकेचा मॅनेजर यंत्राकडे पाहतच नाही. पाच वर्षांनी जुन्या फेकोला कोण गिऱ्हाईक, हे त्याला बरोबर माहीत असतं. यंत्र हायपोथिकेशनला घेतो, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत त्यावर बँकेचा हक्क, पण त्याची नजर असते सातबाऱ्यावर नाहीतर राहत्या घराच्या कागदांवर. तारण नसलेल्या छोट्या उद्योगांसाठी सरकारची पतहमी योजना आहे आणि २०२५च्या एप्रिलपासून तिची मर्यादा दहा कोटींपर्यंत गेली आहे. तरी तालुक्याच्या शाखेत पहिला प्रश्न येतो तो “सासऱ्यांची काही जागा आहे का?” हाच.

आता आकडे मांडू. हे उदाहरणादाखल आहेत, पण वास्तवापासून फार लांब नाहीत. दोन कोटींचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. हप्ता महिना ३ लाख ३७ हजार. पगार, भाडं, वीज, यंत्रांचे देखभाल करार मिळून समजा ७ लाख. म्हणजे दर महिन्याला १० लाख ३७ हजार उभे राहिलेच पाहिजेत. त्यातले दोनेक लाख ओपीडीतून आणि चष्म्याच्या दुकानातून सुटतात. (चष्म्याचं दुकान हा या धंद्यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात विश्वासू भागीदार.) एका फेकोमागे सरासरी २२ हजार हातात पडतात. लेन्स, व्हिस्कोइलॅस्टिक जेल, ट्यूबिंगचा पॅक, ब्लेड, औषधं आणि किरकोळ मानधन वजा जाता १३ हजार उरतात. उरलेल्या ८ लाख ३७ हजारांना १३ हजारांनी भागलं की महिन्याला ६५ ऑपरेशनं. यात डॉक्टर नवरा-बायकोने घरी एक रुपया नेलेला नाही.

६५ हा आकडा कागदावर भीतीदायक नाही. पण पेशंट काही हप्त्यासारखा महिन्याच्या पाच तारखेला येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन नको, घाम जातो. पेरणीच्या दिवसांत घरचं माणूस सोबतीला मोकळं नसतं. पितृपक्षात तर कुणी नाव काढत नाही. सोयाबीनचे पैसे आले, उसाचं बिल निघालं, की दिवाळीनंतर रांग लागते. जून-जुलैत आकडा ३५वर आला तर तूट महिना पावणेचार लाखांच्या वर जाते, म्हणजे आख्ख्या हप्त्याहून जास्त. बँकेचा हप्ता बारा महिने सारखाच. एवढं शेतीकर्ज वाटणाऱ्या बँकांना हंगामी हप्ता ही कल्पना नवी नाही, पण रुग्णालयासाठी तो मागायला हवा हे कुणी डॉक्टरला सांगत नाही आणि तो मागत नाही.

शिवाय ही ६५ ऑपरेशनं रोखीची नसतात. निम्मी विम्याची किंवा योजनेची धरली तर महिन्याला सात लाख उधारीवर जातात. विमा कंपनीने डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी असा नियम २०२४मध्ये आला आहे. पण मंजुरी मिळणं वेगळं आणि पैसे खात्यात पडणं वेगळं. तीन महिने लागले तर २१ लाख बाहेर अडकले. येतानाही त्यातून दहा टक्के टीडीएस कापून येतो, तो पुढच्या वर्षी विवरणपत्रात मागायचा. मग काही क्लेममध्ये “लेन्सचं स्टिकर जोडलेलं नाही” म्हणून कपात होते. लेन्सच्या खोक्यातली ती छोटी चिकटपट्टी, जिच्यावर पॉवर आणि सिरीयल नंबर असतो, ती फाइलमध्ये चिकटवायची विसरली म्हणून रखडलेल्या क्लेमची थप्पी कुठल्याही बिलिंग टेबलाच्या खणात सापडेल. कर्जाचा अर्ज करताना यंत्रांची यादी अगदी तपशिलात दिली जाते, पण या उधारीसाठी खेळत्या भांडवलाची सोय मागितलेली नसते. छोटी रुग्णालयं तोट्यात जाऊन बंद पडतात त्यापेक्षा येणी अडकून बंद पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशा वेळी कंपनीचा माणूस येतो. “डॉक्टर, मशीन आमचं घ्या, पैसे नकोत. फक्त वर्षाला इतक्या लेन्स आणि इतके पॅक आमचेच वापरायचे.” कर्ज नाही, तारण नाही, सह्या दोन. व्याज लेन्सच्या दरात मिसळलेलं असतं, म्हणून ते दिसत नाही. मशीन दर केसला नवी कॅसेट मागतं, जुनी घातली तर चालूच होत नाही. कबूल केलेला आकडा गाठला नाही की फरकाचं बिल येतं. हा सौदा नेहमी वाईटच असतो असं नाही. पेशंटची संख्या पक्की असलेल्याला तो स्वस्तही पडतो. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी असा आकडा कबूल करणं म्हणजे हप्त्याचंच दुसरं नाव.

मोतीबिंदू काढायची आणखी एक पद्धत आहे. बुबुळाच्या कडेला पांढऱ्या भागात सुमारे सहा मिलिमीटरचा बोगदा करायचा, कडक झालेलं भिंग हाताने बाहेर काढायचं, नवं भिंग बसवायचं. टाका लागत नाही. फेको मशीन लागत नाही. सामानाचा खर्च फेकोच्या मानाने अगदीच थोडा. फेकोची चीर तीन मिलिमीटरपेक्षा लहान, त्यामुळे डोळा लवकर स्थिरावतो आणि चष्म्याचा तिरका नंबर कमी राहतो, हे खरं. पण पिकून तपकिरी झालेल्या मोतीबिंदूत हाताची पद्धत अनेकदा जास्त सुरक्षित असते, कारण तिथे फेकोची ऊर्जा बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला भाजून काढते. चांगला सर्जन दोन्ही जाणतो आणि डोळा पाहून ठरवतो. ज्याच्या डोक्यावर फेकोचा हप्ता आहे त्याच्या दरपत्रकातून मात्र हाताची पद्धत हळूहळू गायब होते. कुणी लबाडी करत नाही. दरपत्रक छापताना ती ओळ फक्त राहून जाते.

ते दरपत्रक एकदा नीट पाहावं. समुपदेशक ताईंच्या टेबलावर लॅमिनेट केलेला कागद असतो. खालून वर वाचत गेलं की भारतीय मोनोफोकल (एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी लेन्स), परदेशी मोनोफोकल, तिरक्या नंबरासाठी टोरिक, जवळ-दूर दोन्हीसाठी मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल, आणि सगळ्यात वर ‘ब्लेडविरहित लेझर’, म्हणजे काही कोटींचं फेम्टो यंत्र. वरच्या आणि खालच्या ओळीत कित्येक पटींचा फरक. ऑपरेशन तेच, पंधरा मिनिटंही तीच. विमा बहुधा खालच्या एक-दोन ओळींपुरताच, वरचा फरक पेशंटने भरायचा. ताईंना महिन्याचं उद्दिष्ट दिलेलं असतं ते वरच्या ओळींचं. मल्टिफोकल लेन्स काहींना खरंच उपयोगी आहे. पण रात्री ट्रक चालवणाऱ्याला, किंवा पडदा मधुमेहाने आधीच खराब झालेल्याला, ती बसवू नये, हे ताईंच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

गर्दीचा मोह झाला की दुसरा धोका असतो जंतुसंसर्गाचा. एका दिवशीच्या चार-पाच डोळ्यांत एकदम संसर्ग झाला की ओटी बंद, चौकशी सुरू, स्थानिक पेपरात पहिल्या पानावर नाव. कारण बहुधा साधं निघतं. दोन केसच्या मध्ये ऑटोक्लेव्हचं (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं) पूर्ण चक्र न करता घाईचं निर्जंतुकीकरण, एकाच बाटलीतलं द्रावण अनेकांना, पुन्हा वापरलेल्या ट्यूबिंगमध्ये राहिलेलं पाणी. उपकरणांचे संच दोनाऐवजी सहा घेतले तर हे बरंचसं टळतं. कर्जाच्या यादीत सगळ्यात आधी कात्री लागते ती या जादा संचांना.

अशा पाच-सात वर्षांनंतर साखळी रुग्णालयाचा फोन येतो तेव्हा डॉक्टर ऐकून घेतो, यात नवल नाही. इथे भावाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. रुग्णालयाची वार्षिक उलाढाल समजा चार कोटी, आणि व्याज, कर, घसारा धरण्याआधी उरतात १ कोटी २० लाख. डॉक्टरच्या मनात याच्या सहापट, म्हणजे सव्वासात कोटी. खरेदीदाराचा हिशेबनीस पहिल्या बैठकीत विचारतो, “यात तुमचा पगार कुठे आहे?” मालक पगार घेत नसतो. बाजारभावाने दोघांचे मिळून ६० लाख वजा केले की नफा निम्मा आणि भावही निम्मा, ३ कोटी ६० लाख. इमारत डॉक्टरचीच राहणार असेल तर तिचं भाडंही खर्चात धरून आणखी वजाबाकी. रोखीत घेतलेले आणि वहीत न आलेले पैसे तर कुठल्याच पटीत बसत नाहीत. वर्षानुवर्षं वाचवलेला कर इथे एका झटक्यात सहापटीने जातो, आणि तो कुणाला सांगताही येत नाही.

मिळणाऱ्या रकमेतले साठेक टक्के आधी, उरलेले तीन वर्षांत, उलाढालीचं उद्दिष्ट गाठलं तर. आणि ठराविक अंतरात, ठराविक वर्षं दुसरी प्रॅक्टिस नाही. एरवी असं बंधन करार कायद्याच्या २७व्या कलमाने रद्दबातल ठरतं, पण नावलौकिकासह धंदा विकला असेल तर त्याच कलमात अपवाद आहे. ‘हे कोर्टात टिकत नाही’ असं मित्राने सांगितलं म्हणून सही करणाऱ्यांनी तो अपवाद वाचलेला नसतो.

साखळीला हे परवडतं कसं? सहापटीने घेतलेला नफा शेअर बाजारात पंचवीसपटीने विकला जाणार असेल तर एवढा एकच हिशेब पुरतो. चेन्नईच्या डॉ. अगरवाल्सचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९५७ सालचं कौटुंबिक रुग्णालय, पुढे टीपीजी आणि टेमासेकसारखे गुंतवणूकदार, देशभर केंद्रं. मुंबईत वडाळ्याचं आदित्य ज्योतही त्यांच्याच छत्राखाली गेलं. २०२५च्या जानेवारीत सुमारे ३,०२७ कोटींची भागविक्री झाली. त्यात कंपनीच्या तिजोरीत नव्याने आले फक्त ३०० कोटी. उरलेले सगळे जुन्या भागधारकांचे. लहान मुलांच्या उपचारांसाठी नावाजलेल्या हैदराबादच्या रेनबोची २०२२ची भागविक्री पाहिली तर तिथेही एकूण पंधराशे कोटींच्या वर आणि नवं भांडवल २८० कोटी. यात बेकायदा काही नाही, लपवलेलंही काही नाही, सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं. फक्त ‘रुग्णालयाने बाजारातून तीन हजार कोटी उभारले’ ही बातमी वाचून तेवढ्याची ऑपरेशन थिएटरं होणार असं समजू नये. गुंतवणूकदाराचा फंड साधारण सात-दहा वर्षांचा. त्याला बाहेर पडायची तारीख आधीच माहीत असते आणि केंद्र कुठे, किती, किती वेगाने उघडायची हे त्या तारखेकडून मागे मोजत ठरतं.

ते मोजणं चुकलं की काय होतं, ते वासन आय केअरने दाखवलं. २००२मध्ये तिरुचिरापल्लीत सुरुवात, सिक्वोया आणि सिंगापूरच्या जीआयसीचा पैसा, दीडशेहून जास्त केंद्रं. २०१७मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २०२३मध्ये जोधपूरहून वाढलेल्या एएसजीने पाचशे कोटींहून थोड्या जास्त रकमेत ती साखळी घेतली. एएसजीच्या मागेही त्याआधीच्या वर्षी जनरल अटलांटिक आणि केदाराचे दीड हजार कोटी आले होतेच. नेत्र रुग्णालयाच्या नव्या केंद्राला पेशंटची सवय व्हायला दीड-दोन वर्षं जातात, तोवर जागेचं भाडं आणि डॉक्टरांचं ठरलेलं किमान मानधन जुन्या केंद्रांच्या कमाईतून द्यावं लागतं. दहा जुन्यांवर दोन नवी चालतात. दहा जुन्यांवर पन्नास नवी चालत नाहीत.

आणि याच तमिळनाडूत मदुराईचं अरविंद आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६मध्ये सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर अकरा खाटांवर ते सुरू केलं, संधिवाताने बोटं वाकलेली असताना. बँकेने हात दिला नाही, घरच्यांनी मालमत्ता गहाण टाकली. पैसे साठतील तसे मजले चढवले. गुंतवणूकदार नाही, त्यामुळे बाहेर पडायची तारीखही नाही. पैसे देणाऱ्यांच्या शिलकीतून न देणाऱ्यांचं ऑपरेशन. एका सर्जनपुढे दोन टेबलं, एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार, आणि ही तयारी करतात त्या खेड्यांतून घेऊन दोन वर्षं शिकवलेल्या मुली. परदेशी लेन्स शंभर डॉलरच्या घरात होती तेव्हा १९९२मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून ती दहाएक डॉलरवर आणली. हाताची पद्धत तिथल्या दरपत्रकातून कधी गायब झाली नाही, कारण तिला हाकलणारा हप्ताच नव्हता. ‘आपण अरविंद मॉडेल राबवतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांतले बहुतेक दोन टेबलं उचलतात, पण पूर्णवेळ पगारी सर्जन आणि खासगी प्रॅक्टिसला मनाई, हे उचलत नाहीत.

महाराष्ट्रात तिसरा रस्ता धर्मादाय न्यासाचा. सवलतीची जागा, देणग्या, करसूट, आणि बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ एए कलमाखाली दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलांतून दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत. गंमत अशी की ही योजना खाटांवर मोजलेली आहे आणि नेत्र रुग्णालयात खाट फारशी लागतच नाही. त्यामुळे तिथे खाटांचा हिशेब काटेकोर जुळतो आणि मोफत ऑपरेशनं किती झाली हे वेगळं विचारावं लागतं.

स्वतःच काढायचं ठरवलेल्यांसाठी खरेदीचा क्रम तेवढा सांगता येतो. आधी चांगला मायक्रोस्कोप, कारण तो पंधरा वर्षं जातो आणि दोन्ही पद्धतींना लागतो. उपकरणांचे सहा संच आणि दोन ऑटोक्लेव्ह, एक बिघडला तर दुसरा. बायोमीटर ऑप्टिकलच, पण पिकलेल्या मोतीबिंदूतून त्याचा प्रकाश आरपार जात नाही म्हणून सोबत ध्वनिलहरींनी मोजणारा साधा ए-स्कॅन हवा. फेको मधल्या प्रतीचं, आणि गावात सर्व्हिस इंजिनीअर चोवीस तासांत पोचतो की नाही हे आधी त्याच कंपनीच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना विचारून. ओसीटी पहिल्या वर्षी घेऊ नये. रोज किती पेशंट त्यासाठी बाहेर पाठवतो ते वहीत लिहावं आणि आकडा हप्त्याला पुरेसा झाला की मग घ्यावं. फेम्टोचं माहितीपत्रक घेऊन येणाऱ्याला चहा द्यावा. कर्ज सातऐवजी नऊ-दहा वर्षांचं मागावं आणि मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, हे मंजुरीपत्रात लिहून घ्यावं. व्याज एकूण जास्त जाईल, पण जून-जुलैतली तूट थोडी हलकी होईल.